खडूची रेघ

नाना सूर्याला ‘साहेब’ म्हणत. सकाळी खोलीचं दार उघडलं की आधी पूर्वेकडे बघायचे आणि आत बहिणीला ओरडून सांगायचे, “साहेब ड्युटीवर हजर शेत वं!” अहिराणीत ‘शेत’ म्हणजे ‘आहेत’. आभाळ भरलेलं असलं तर, “साहेब आज लेट शेत.” एकदा सूर्यग्रहण लागलं, सगळी गल्ली दारं लावून बसली, तेव्हा नाना ओट्यावर उभे राहून म्हणाले, “काही नही, सिग्नल पडेल नही म्हनीसन साहेब आउटरले उभा शेत.” सूर्याला त्यांनी हात जोडलेले मी कधी पाहिले नाहीत. रेल्वेत तीस वर्षं काढलेल्या माणसाचा तो आदर होता. वरिष्ठ वेळेवर येतो, तेव्हा आपण जागेवर असलं पाहिजे, इतका साधा.

नाना चाळीसगाव-धुळे शटलवर फायरमन होते. फायरमन म्हणजे आग विझवणारा, असं हल्लीच्या पोरांना वाटतं. नानांचं काम आग पेटती ठेवण्याचं होतं. वाफेच्या इंजिनाच्या भट्टीत फावड्याने कोळसा टाकत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली. डाव्या हातावर कोपरापर्यंत ठिणग्यांचे डाग होते, देवीच्या वणांसारखे. नखांच्या कडा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी काळ्याच होत्या. खोकल्याची उबळ आली की रुमाल तोंडाला लावत, मग तो उघडून नीट बघत आणि म्हणत, “अजून टेंडरात माल शे.” टेंडर म्हणजे इंजिनामागचा कोळशाचा डबा. ऐकणाऱ्याला हसावं की नाही कळत नसे. नाना स्वतः मात्र हसत.

माझी त्यांची ओळख जेवणामुळे झाली. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी असोद्याच्या केळीवाल्या घरातला मुलगा, रसायनशास्त्र घेऊन धुळ्याच्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतो आणि वसतिगृहात राहत होतो. वसतिगृहाच्या मेसमध्ये स्वयंपाकाला सोनाअक्का होती, नानांची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. बायको वारल्यावर नाना तिच्याकडेच येऊन राहिले. मेसच्या मागच्या बाजूला दोघांची एक खोली होती.

मेसचं स्वयंपाकघर म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि वितभर खिडकी. आत दगडी कोळशाची भट्टी. तिच्यावर साठ मुलांचं वरण, भात, भाजी आणि भाकरी. अक्का पहाटे आत जायची ती दुपारी बाहेर यायची, तेव्हा तिच्या कुंकवाविना कोऱ्या कपाळावरचं गोंदण काजळीखाली दिसेनासं झालेलं असे. ती कोळशाला ‘कोयसा’ म्हणायची, डाळीला ‘डाय’. मी तिला चिडवायचो, “अक्का, आमच्याकडे केळी पिकतात, तुमच्याकडे केयी.” ती भाकरी थापता थापता म्हणायची, “तुमनी केळीले काय सोनाना घड लागतस का रे भो? खाय गुमान.” आणि सगळ्यांत फुगलेली भाकरी माझ्या ताटात पडायची. घरापासून लांब राहणाऱ्या मुलाला आणखी काय लागतं.

एक दिवस मी जेवत असताना आतून अक्काच्या खोकल्याचा आवाज आला. ओट्यावर बसलेले नाना एकदम ताठ झाले. दुसरी उबळ आली, तिसरी आली. नाना उठून खिडकीशी गेले आणि कान देऊन उभे राहिले. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड ओळखतात तसे. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “हाऊ खोकला मन्हा शे. तिले कोनी दिधा?”

त्या दिवसापासून नानांना दुसरं काम उरलं नाही. अक्काला त्या भट्टीसमोरून उठवायचं. लहान बहिणीने हट्टाने मागितलेली वस्तू आणून द्यावी तसं ते मनावर घेऊन बसले, आणि अक्काने तर काही मागितलंही नव्हतं.

सूर्याच्या उष्णतेवर अन्न शिजवायची पेटी त्यांनी कुठल्या तरी प्रदर्शनात बघितली होती. ती त्यांनी घरी केली. जुनी लोखंडी ट्रंक, तिच्या आत दुसरा पत्र्याचा डबा, दोघांच्या मधल्या फटीत जिनिंगमधून आणलेला कापूस ठासून भरलेला, वर दुहेरी काच. झाकणाला आतून आरसा. तो एका न्हाव्याने दुकान बदलताना टाकून दिला होता. आतला डबा काळा करायला त्यांनी रेल्वेच्या इंजिन-शेडमधून कोळशाची भुकटी आणली आणि तेलात खलून लावली. “जनमभर मीच खादी,” ते म्हणाले, “आते तिले बी काम करू दे.” खानदेशातल्या उन्हाविषयी मी काय सांगावं. ऑक्टोबरातही त्या पेटीत ठेवलेली तुरीची डाळ दोन तासांत मऊ व्हायची. नाना झाकण उघडून वाफ तोंडावर घेत आणि मला हाक मारत, “ये रे शास्त्रज्ञ, धुराशिवाय वाफ दखी का कधी?”

पेटीचं एक पथ्य होतं. तिचं तोंड सूर्याकडे राहिलं पाहिजे. साहेब सरकले की पेटी सरकली पाहिजे. आरशाचा उजेड काचेवर पडतोय तोवर ठीक; तो कडेने घसरून बाहेर गेला की डबा थंडावला. म्हणून दर अर्ध्या तासाने नाना पेटी वितभर फिरवायचे आणि प्रत्येक वेळी तिच्या कडेने फरशीवर खडूने रेघ मारायचे. दुपारपर्यंत त्या रेघांचा पंखा तयार होई. मी विचारलं, “रेघ कशाला? फिरवली की झालं.” नाना म्हणाले, “शेडमध्ये खडू लागल्याशिवाय काम झालं असं कोणी धरत नव्हतं. तपासलं, खडू मार. कोळसा भरला, खडू मार. माणूस खोटं बोलू शकतो, खडू नाही बोलत.” माझ्याशी बोलताना ते अहिराणीतून मध्येच शुद्ध मराठीवर येत. महत्त्वाचं काही सांगायचं असलं की हटकून.

संध्याकाळी ओट्यावर आमचा वाद चाले. मी वादविवाद स्पर्धांमध्ये बोलायचो, दोनचार ढालीही मिळवल्या होत्या, त्यामुळे कुठल्याही गोष्टीची दुसरी बाजू मांडायची मला सवय होती. मी म्हणायचो, “नाना, तुमच्या ट्रंकेवर कारखाना चालेल का? रात्री दिवे कशावर लावायचे?” नाना म्हणायचे, “रात्री तू झोपत जा. डोळ्यांले बी आराम.” मग गंभीर होऊन सांगायचे, “हे बघ. कोळसा हे टेंडर आहे. कितीही मोठं असलं तरी मागं वळून बघितलं की कमीच झालेलं दिसतं. संपलं की गाडी जंगलात उभी. साहेबांचं तसं नाही, ते रोज नव्या गाडीने येतात. मी कुठं म्हणतो कोळसा फेकून द्या? रात्रीला ठेवा, पावसाळ्याला ठेवा, कारखान्यांना ठेवा. पण भर दुपारी डोक्यावर साहेब उभे असताना एका बाईला अंधारात कोंडून तिच्यापुढे कोळसा पेटवायचा, हे कुठल्या शास्त्रात बसतं ते मला सांग.” मी विषय बदलायचो. आज इतक्या वर्षांनी, कोळशावरच पोट भरल्यानंतरही, कोणी हे विचारलं तर तेच करतो.

कोळशाचंही मी जे शिकलो ते नानांकडूनच. मेसच्या भट्टीतली राख ते बोटांत चोळून दाखवत. पांढरी भुरभुरीत राख म्हणजे कोळसा नीट जळाला. तांबूस असली तर माती-लोखंड जास्त. आणि राख वितळून दगडासारखी झाली, तिचा खंगर झाला, की भट्टीचा श्वास कोंडतो. “पुस्तकात कोळसा काळा दिसतो,” ते म्हणत, “पण त्याच्या पोटातलं खरं राख सांगते.”

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात वादविवादाचा विषय ठरला: ‘उद्याची ऊर्जा कोळशाची की सूर्याची?’ मी सूर्याच्या बाजूने नाव दिलं. नानांना सांगितलं तर ते इतके खूश झाले की मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी टोपी घालून ते थेट प्राचार्यांकडे गेले. परत आले ते धापा टाकत, पण चेहरा उजळलेला. प्राचार्य भला माणूस होता. तो म्हणाला होता, संमेलनाच्या दिवशी पाहुण्यांसाठी तुमच्या पेटीत खिचडी करा. चांगली झाली तर तशाच मोठ्या पेट्या करून मेसच्या अंगणात मांडू. दुपारचा वरणभात आणि भाजी उन्हावर, भट्टी फक्त भाकरीपुरती.

अक्काने हे भाकरी थापता थापता ऐकलं. दुपारी बघतो तर तिने अंगणातला एक कोपरा शेणाने सारवला होता आणि आपला बसायचा पाट आतून आणून तिथे टेकवून ठेवला होता. मी विचारलं, “हे काय अक्का?” ती म्हणाली, “आठे बसीसन डाय निवडसू. वारा शे.” मग जरा लाजून म्हणाली, “तू चांगलं बोल रे भो.”

यापुढचं लिहिताना हात अडखळतो, पण ते लिहायलाच बसलो आहे.

संमेलनाच्या आदल्या दिवशी प्रमुख पाहुण्यांचं नाव फळ्यावर लागलं. ते एका दूरच्या औष्णिक वीज केंद्रातले मोठे अधिकारी होते. त्याच केंद्रात केमिस्टच्या जागेसाठी मी अर्ज केला होता आणि पुढच्या महिन्यात मुलाखत होती. मित्र म्हणाला, “अरे, मुलाखतीला हेच बसतात म्हणे. आणि तू त्यांच्यासमोर कोळशाला शिव्या देणार?” मी रात्रभर काही तळमळलो नाही. उगाच सांगत नाही. सकाळी उठलो, आंघोळ केली आणि स्पर्धेचं काम पाहणाऱ्या सरांकडे जाऊन म्हणालो की मला बाजू बदलून द्या. ते खूशच झाले. कोळशाच्या बाजूने बोलणारे कमी पडत होते.

नानांना मी हे सांगितलं नाही.

ते जानेवारीचं स्वच्छ ऊन होतं. नानांनी नऊ वाजता सभागृहाबाहेरच्या चौकात पेटी मांडली, आत तांदूळ-डाळीचा डबा ठेवला आणि पहिली रेघ मारली. त्यांनी रेल्वेचा जुना निळा कोट घातला होता, बटणं घासून चकचकीत. मला पाहून म्हणाले, “तुझं भाषण शेवटी आहे ना? मग एक काम कर. मला आत बसून पहिल्यापासून ऐकायचं आहे. समोरचे काय बोलतात तेही कळलं पाहिजे. दर अर्ध्या तासाने बाहेर येऊन पेटी फिरवशील?” कोटाच्या खिशातून त्यांनी आपलं घड्याळ काढलं, साखळीचं, आणि खडूच्या तुकड्यासह माझ्या हातावर ठेवलं. “मी दुसऱ्या कोणाला सांगितलं नसतं,” ते म्हणाले.

साडेनऊला घड्याळ बघून मी बाहेर आलो. चौकात कोणी नव्हतं. आरशाचा उजेड काचेच्या कडेला आला होता, अजून घसरला नव्हता. मी पेटीला हात लावला. ट्रंकेची कडी गरम झाली होती. तेवढ्यात आतून टाळ्या ऐकू आल्या, पाहुणे आले होते. मी हात काढून घेतला आणि आत गेलो. स्वतःला सांगितलं, पुढच्या वेळी.

दहाला पुन्हा बाहेर आलो. आता उजेड काचेवर नव्हता. आरशाचा तो चौकोनी तुकडा बाजूच्या भिंतीवर पडला होता, पांढरा, इतका लख्ख की डोळे दिपले. पेटी वितभर डावीकडे सरकवली की तो काचेवर आला असता. दोन हातांचं काम. मी तिथे उभा राहिलो आणि मला अगदी स्पष्ट कळलं की खिचडी शिजली तर माझं भाषण फसणार. आत मी सूर्याची टिंगल करणार आणि बाहेर पाहुण्यांच्या ताटात सूर्याने शिजवलेला भात वाढला जाणार. मी कोणालाही दिसत नव्हतो. मी घड्याळ खिशात ठेवलं आणि परत गेलो. त्यानंतर बाहेर आलोच नाही.

अकराच्या सुमारास माझं नाव पुकारलं. नाना पहिल्या रांगेत होते. मी त्यांचं घड्याळ टेबलावर ठेवलं, कारण वेळ सात मिनिटांचा होता, आणि सुरुवात केली. “अध्यक्ष महाराज, आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. ते सूर्याला साहेब म्हणतात.”

सभागृहात हशा पिकला. नाना आनंदाने वळून मागे बसलेल्यांकडे पाहू लागले. ते गृहस्थ मीच, असं त्यांना सगळ्यांना सांगायचं होतं.

मी पुढे म्हणालो, “आता साहेब म्हटलं की आपल्याला कचेरी आठवते. साहेब सकाळी सावकाश येणार. संध्याकाळ झाली की घरी जाणार. पावसाळ्यात चार महिने दीर्घ रजेवर! आणि रात्री काम पडलं तर साहेब घरी झोपलेले! अशा साहेबांच्या भरवशावर देशाचे कारखाने चालवायचे का?”

पोरं बाकं बडवू लागली. पाहुणे रुमालाने डोळे पुसत हसत होते. मी नानांकडे बघायचं टाळत होतो, पण पहिली रांग टाळता येत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर मघाचं हसू तसंच राहिलं होतं. ते काढून घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं. मी टेंडर, भट्टी, खंगर, सगळं वापरलं. ओट्यावर त्यांनीच शिकवलेलं सगळं. त्यांचं उत्तर, रात्रीला ठेवा, कारखान्यांना ठेवा, तेवढं मात्र गाळलं. शेवटी टाळ्या पडल्या तेव्हा नानांनीही वाजवल्या. सगळ्यांच्या थांबल्यावर त्यांच्या दोन उरल्या.

मग सगळे चौकात आले. अक्का ताटं पुसून रांगेने मांडून उभी होती, धुवट पातळ नेसून. नानांनी काच उचलली, डबा काढला, झाकण उघडलं. वाफ आली नाही. पाणी वर तसंच होतं आणि तळाशी डाळ, कच्ची, टचटचीत. प्राचार्यांनी चमच्याने एक दाणा घेऊन चावून पाहिला आणि हसून म्हणाले, “साहेब अजून ऑफिसला पोहोचलेले दिसत नाहीत!” पुन्हा हशा. विनोद माझाच होता, मोठा होऊन परत आला होता. पाहुणे माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “सिद्ध करून दाखवलंस की.”

नानांनी डबा खाली ठेवला. मग त्यांची नजर फरशीवर गेली. पेटीच्या कडेला खडूची एकच रेघ होती, त्यांनी स्वतः मारलेली. त्यांनी ती पाहिली, वर पाहिलं नाही, आणि चपलेने हळूहळू पुसून टाकली. मग प्राचार्यांना म्हणाले, “साहेब वेळेवर होते, सर. माझीच चूक झाली. मी भाषण ऐकत बसलो.”

मी ते सगळं पाहिलं. पाहिलं नाही असं स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी घड्याळ परत द्यायला गेलो. हातात पहिल्या बक्षिसाची ढाल होती, ती बाहेर ओट्यावर ठेवली. नाना खाटेवर बसले होते. त्यांनी घड्याळ कानाला लावलं आणि विचारलं, “बरोबर चालतं ना?”

“हो, नाना.”

“मागं तर नही पडनं?”

“नाही.”

“मंग ठीक शे,” ते म्हणाले आणि घड्याळ कोटाच्या खिशात घातलं. इतकंच. दुसऱ्या दिवशी अक्काचा पाट अंगणातून पुन्हा आत गेला होता. सारवलेल्या कोपऱ्यात पोरांनी सायकली लावल्या. मी जेवायला बसलो, तेव्हाही सगळ्यांत फुगलेली भाकरी माझ्याच ताटात आली. ती मी खाल्ली.

मुलाखतीला तेच पाहुणे होते. त्यांनी मला ओळखलं. तरी एक खरा प्रश्न विचारला: कोळशाचा खंगर का होतो? मी नानांचं उत्तर दिलं, नानांच्याच शब्दांत. ते समितीतल्या दुसऱ्याला म्हणाले, “याला पुस्तकाबाहेरचं कळतं.” मला नोकरी मिळाली.

माझं काम काय, ते सांगतो. वॅगनमधून आलेल्या कोळशाचा नमुना घ्यायचा, दळायचा, चिनी मातीच्या लहानशा वाटीत ठेवून भट्टीत जाळायचा आणि मागे राख किती उरली ते बघायचं. रोज. इतकी वर्षं मी हेच करतोय. माझ्यामुळे गावोगावी दिवे लागतात, हेही खरं आहे. ते मी नाकारत नाही आणि नानांनीही नाकारलं नसतं. पण वाटी भट्टीतून काढली की मी पहिल्यांदा रंग बघतो, पांढरा की तांबूस, आणि कोणी बघत नसलं तर चिमूटभर बोटांत चोळतो.

धुळ्याला जाणं मी टाळत राहिलो. बातम्या येत. अक्का आणखी सहा-सात वर्षं त्याच भट्टीसमोर होती. मग तिला चार पावलं चालली की धाप लागू लागली, कढई उचलवेना, आणि मेसवाल्यांनी दुसरी बाई ठेवली. दोघं गावाकडे एका खोलीत राहायला गेली. नाना तिला उठू देत नसत. ट्रंकेतच भात लावत, स्वतः फिरवत, रेघा मारत. वाफेची शटल बंद होऊन डिझेलची सुरू झाली, तेव्हा ते मुद्दाम स्टेशनवर बघायला गेले होते म्हणे. पुढे एका हिवाळ्यात ते गेले. मला पत्र आलं ते दहावा होऊन गेल्यावर. अक्काने कोणाकडून तरी लिहून घेतलं होतं: ‘नानांचं टेंडर सरलं.’

मागच्या वर्षी मी गेलो. केळीचा घड घेऊन, जसा काही मी कालच सुट्टीवरून आलोय. अक्का ओट्यावर उशीला टेकून बसली होती, खूप लहान दिसत होती. मला ओळखायला वेळ लागला. ओळखलं तेव्हा म्हणाली, “केळी आनी का केयी?” आणि हसताना तिला जो खोकला आला तो मला ओळखीचा होता. भिंतीशी ती ट्रंक होती, आरशाला तडा गेलेला.

मी सांगायलाच आलो होतो. वाटेत बसमध्ये वाक्यं जुळवली होती. पण तीच बोलू लागली, थांबत थांबत, दोन शब्दांना एक श्वास.

“त्या दिननी खिचडी याद शे का रे, भो?”

“आहे, अक्का.”

“नानाले मी लई बोलनू. म्हन्तं, तूच पेटी फिरावनी नही, भाषन ऐकत बसना. मन्हा पाट तुन्हामुळे मझार गया.” ती थांबली. तिची छाती वरखाली होत होती. “वरीसभर बोलनू तेले. तो गुमान ऐके. मंग एक दिन म्हने, अक्का, पेटी फिरावनं मी पोरले सांगेल व्हतं. पेटी पह्यली रेघवरच व्हती.”

ती माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं, आणि मला वाटतं थोडी आशा. एवढ्या वर्षांत तिला कोणाला विचारताच आलं नव्हतं.

“तू इसरना व्हता ना रे?” तिने विचारलं. “भाषनना गडबडमा?”

भिंतीवरचा तो लख्ख पांढरा चौकोन मला दिसत होता. ट्रंकेच्या गरम कडीचा चटका बोटांना आठवत होता. ‘नाही’ एवढा एक शब्द उच्चारायचा होता.

“हो अक्का,” मी म्हणालो. “विसरलो होतो.”

तिने समाधानाने मान हलवली आणि उशीला डोकं टेकलं.

“नाना बी तेच म्हने,” ती म्हणाली.